नाव शेवटी लिहितात

मॉस्कोतील माझे काम अपेक्षेपूर्वीच आटोपले आणि परतीच्या विमानास चार दिवसांचा अवकाश उरला, तेव्हा तो सर्व काळ एकाच विषयाला द्यावा असे मी ठरविले. २०१९ सालचा ऑक्टोबर महिना होता. रस्त्यांच्या कडेची झाडे पिवळी पडून झडू लागली होती, आणि दुपारी चार वाजताच उजेड मंद होत असे. तो विषय म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील काष्ठफलकांवरील पवित्र प्रतिमा. रशियन माणूस त्यांना 'इकोना' म्हणतो. लांबट नाकाच्या, मोठ्या डोळ्यांच्या, सोनेरी पृष्ठभूमीवर निश्चल उभ्या असलेल्या या आकृती मी विद्यार्थिदशेत छापील पुस्तकांतून पाहिल्या होत्या, आणि ज्या काळी चित्रकारांना शरीररचनेचे व दूरत्वाचे ज्ञान झालेले नव्हते त्या काळचा तो एक अपरिपक्व प्रयत्न असावा, ही तेव्हा झालेली समजूत पुढे तपासून पाहण्याची आवश्यकता मला कधी भासली नव्हती.

माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा मॉस्कोत वैद्यकाचे शिक्षण घेत होता. रशियन भाषा त्याला उत्तम अवगत झाली होती, आणि सुटीचे दोन दिवस त्याने आपण होऊन मला दिले. पहिल्या दिवशी आम्ही त्रेत्याकोव चित्रसंग्रहालयात गेलो. पावेल त्रेत्याकोव या धनिक व्यापाऱ्याने आयुष्यभर जमविलेला चित्रसंग्रह १८९२ साली मॉस्को शहराच्या स्वाधीन केला, त्याचेच हे विस्तारलेले रूप होय. प्राचीन प्रतिमांची दालने तळमजल्यावर आहेत. तेथे प्रथम दृष्टीस पडला तो एक भग्न फलक. पुरुषभर उंचीच्या त्या लाकडावरचा रंग जवळजवळ सर्वत्र नष्ट झाला आहे. वस्त्र नाही, हात नाहीत, पृष्ठभूमी नाही. मधोमध केवळ एक मुख आणि त्याखाली स्कंधाचा थोडासा भाग शिल्लक आहे, आणि ते मुख इतके शांत आहे की भोवतालच्या उघड्या लाकडाचा क्षणभर विसर पडतो. आंद्रेई रुब्ल्योव या पंधराव्या शतकातील साधूच्या नावावर नोंदलेली ही येशूची प्रतिमा झ्वेनिगोरोद गावी १९१८ साली सापडली. जळाऊ लाकडाच्या ढिगात ती पडली होती असे सांगतात. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. त्या दृष्टीच्या बाहेर मला जाता येईना. "काका, पुढची खोली बघायचीये ना?" असे त्या मुलाने विचारले तेव्हा कितीतरी वेळ गेला होता.

पुढच्या दालनात 'त्रोइत्सा', म्हणजे त्रिमूर्ती, होती. रुब्ल्योवची ही सर्वांत प्रख्यात कृती १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद आहे. बायबलातील कथा अशी की, मम्रे येथील वृक्षांजवळ दुपारच्या उन्हात अब्राहाम आपल्या तंबूच्या दाराशी बसला असता तीन अनोळखी पुरुष त्याच्यासमोर उभे राहिले. त्याने त्यांचे पाय धुवविले, पत्नी सारा हिला भाकरी करावयास सांगितले, कोवळे वासरू रांधविले, आणि ते अतिथी म्हणजे साक्षात ईश्वराचे येणे होते असे पुढे उघड झाले. रुब्ल्योवच्या पूर्वीच्या चित्रकारांनी हा सर्व प्रसंग तपशिलाने दाखविला होता. रुब्ल्योवने अब्राहाम व सारा यांना वगळले, भोजनाची भांडी वगळली, सेवक वगळले. मेजावर एक पात्र ठेवले, मागे एक घर, एक वृक्ष आणि एक पर्वतशिखर यांच्या खुणा ठेवल्या, आणि तीन देवदूतांना अशा रीतीने बसविले की त्यांच्या झुकलेल्या मस्तकांवरून व खांद्यांवरून फिरणारी दृष्टी एका वर्तुळात फिरत राहते. त्या वर्तुळाची एकच बाजू मोकळी आहे, ती पाहणाऱ्याकडची. जेथे मी उभा होतो ती मेजाची चौथी बाजू होती, ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा आपण एखाद्याच्या घरी न विचारता गेलो आणि यजमानाने आधीच पान मांडून ठेवलेले असावे, तसे मला झाले. पादपीठांच्या कडा मागे जाताना निमुळत्या होण्याऐवजी रुंदावतात हेही तेव्हाच दिसले. रेषांचा संगम चित्राच्या आत दूर कोठे होत नाही. तो पाहणाऱ्याच्या दिशेने होतो. माझ्या जुन्या समजुतीत ज्याला मी अज्ञान मानले होते ती एक पूर्ण विचारांती स्वीकारलेली पद्धती होती.

त्रोइत्सेतील निळ्या रंगाविषयी मात्र थोडे थांबून लिहावयास हवे, कारण तो रंग शेकडो वर्षे कोणी पाहिलाच नव्हता. प्रतिमा पूर्ण झाली म्हणजे तीवर कढविलेल्या जवसाच्या तेलाचा लेप देण्याची वहिवाट आहे. या लेपाने रंगांना तेज येते, परंतु ऐंशी-शंभर वर्षांत तो काळवंडतो आणि त्याखालची आकृती दिसेनाशी होते. मग दुसरा कोणी चित्रकार त्याच रेषांवरून नवे रंग भरतो, पुन्हा लेप देतो, पुन्हा तो काळा होतो. याखेरीज पूज्य प्रतिमांना सोन्यारुप्याचे कवच चढविण्याची प्रथा होती. इव्हान द टेरिबल आणि बोरिस गोदुनोव या झारांनी त्रोइत्सेला सुवर्णाची आभूषणे अर्पण केली होती. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकापर्यंत मूळ चित्रातले जवळजवळ काहीच दिसत नव्हते, आणि रशियन प्रतिमा म्हणजे तपकिरी, उदास रंगांची कला अशी विद्वानांचीही धारणा झाली होती. १९०४ साली वासिली गुर्यानोव या कारागिराने ते कवच उतरविले आणि थरामागून थर काढीत गेला, तेव्हा खालून कोवळ्या राईच्या शेतासारखा हिरवा आणि जवसाच्या फुलासारखा निळा उमलून आला. पाहणारे चकित झाले. तथापि काम झाल्यावर प्रतिमा पुन्हा कवचाखाली गेली, आणि ती खऱ्या अर्थाने मोकळी झाली १९१८ नंतरच्या शुद्धीकरणात. हे शुद्धीकरण नव्या, निरीश्वरवादी राजवटीच्या आरंभीच्या वर्षांत व्हावे, आणि ज्या काळात मठ सरकारजमा होत होते त्याच काळात त्यांच्या भिंतींवरच्या प्रतिमांचे खरे रूप जगापुढे यावे, हा इतिहासातला एक विलक्षण योग आहे. १९२९ साली त्रोइत्सा आपल्या मूळ मठातून संग्रहालयात आली.

खुद्द रुब्ल्योवविषयी दफ्तरी पुरावा फार थोडा. १४०५ साली क्रेमलिनमधील एका मंदिराचे चित्रण थिओफानेस हा ग्रीक, प्रोखोर नावाचा वृद्ध आणि साधू आंद्रेई रुब्ल्योव यांनी केले, आणि १४०८ साली व्लादिमीर येथील मंदिराचे काम त्याने आपला सहचर दानील याच्यासह केले, एवढ्या बखरीतील नोंदी. सुमारे १४३० साली मॉस्कोतल्या आंद्रोनिकोव मठात तो निवर्तला. त्या मठातील, त्याच्या नावाच्या संग्रहालयात दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. परंतु निःसंशय त्याच्या हातची म्हणता येईल अशी एकही प्रतिमा तेथे नाही. मंदिराच्या खिडक्यांच्या बगलांमध्ये पुसट झालेली थोडीशी वेलबुट्टी तेवढी त्याच्या हातची समजतात. १५५१ सालच्या धर्मसभेने मात्र फर्मान काढले की चित्रकारांनी प्राचीन ग्रीकांप्रमाणे व रुब्ल्योवप्रमाणे चित्रण करावे, स्वतःच्या कल्पनेने काही करू नये, आणि चित्रकार हा नम्र, सदाचारी व आपल्या गुरूच्या सल्ल्याने वागणारा असावा. १९८८ साली चर्चने त्याला संतपद दिले.

देवाचे चित्र काढावे की काढू नये, हा वाद ख्रिस्ती जगात रक्त सांडेपर्यंत गेला होता. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने प्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. फलक जाळले गेले, भिंती पांढऱ्या केल्या गेल्या. त्या वेळी दमास्कसच्या योहान या साधूने प्रतिपादन केले की अदृश्य ईश्वराचे चित्र काढता येत नाही हे खरे, परंतु तोच जर देह धारण करून मनुष्यांत वावरला असेल तर त्या देहाचे चित्र काढणे म्हणजे त्याच्या अवतरणाची साक्ष देणे होय. ७८७ सालच्या निकिया येथील धर्मसभेने हे मत मान्य केले आणि प्रतिमेला दिलेला मान तिच्या मूळ रूपास पोहोचतो असा निर्णय दिला. ८४३ साली प्रतिमा कायमच्या मंदिरांत परतल्या. सगुण-निर्गुणाच्या चर्चेत वाढलेल्या मराठी वाचकास या वादाची भाषा फारशी परकी वाटणार नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही यारोस्लाव्ल स्थानकावरून लोकलगाडीने सेर्गियेव पोसाद या गावी निघालो. मॉस्कोपासून सत्तर किलोमीटर अंतर तोडावयास दीड तास लागतो, आणि सारी वाट भूर्जवृक्षांच्या पांढऱ्या खोडांमधून जाते. चौदाव्या शतकात सेर्गिय नावाच्या तपस्व्याने या अरण्यात लाकडाची एक कुटी व एक लहान मंदिर बांधले. पुढे त्याच्या समाधीवर १४२० नंतरच्या वर्षांत पांढऱ्या दगडाचे मंदिर उभे राहिले, आणि त्याच मंदिरासाठी, सेर्गियच्या गौरवार्थ, रुब्ल्योवने त्रोइत्सा काढली. परंतु सेर्गियच्या त्या मठात, म्हणजे लाव्रात, जाण्यापूर्वी आम्ही तटाबाहेरच्या वस्तीत एका लाकडी घरी गेलो. मठातील प्रशालेत शिकलेली एक चित्रकर्ती तेथे राहते. मुलाने आधी कळवून ठेवले होते. तिने चहा दिला, जाम दिला, आणि मग काही न बोलता आम्हास कामाच्या खोलीत नेले.

खिडकीपाशी उतरते मेज, भिंतीशी निरनिराळ्या अवस्थांतले फलक. लिपा नावाच्या वृक्षाचे लाकूड घेतात, कारण ते मऊ आणि गाठीविरहित असते. वर्षानुवर्षे वाळवून फळी तयार झाली की ती वाकू नये म्हणून मागल्या बाजूस आडव्या पट्ट्या बसवितात, आणि पुढल्या बाजूस मधला भाग किंचित खोल कोरतात. या खोलगट भागाचे नाव 'कोव्चेग', म्हणजे पेटी. ज्या पवित्र पेटीत ईश्वराचा करार ठेवलेला होता तिच्यासाठीही हाच शब्द आहे. त्यावर सरसाने जवसाच्या धाग्याचे कापड चिकटवितात. कापडावर सरस व खडूची पूड यांचे पातळ हात एकावर एक देत जातात. प्रत्येक हात वाळल्याखेरीज दुसरा द्यावयाचा नाही, आणि घाई केली तर दोन वर्षांनी तडा जातो. शेवटी घासून घासून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत होतो. तिने माझा हात धरून त्यावर ठेवला. तो थंड नव्हता, हे मला चांगले स्मरते.

रेखाटन झाले की प्रथम सोने, मग रंग. वर्खाखाली तांबूस मातीचा लेप असतो, आणि तो ओलसर होऊन वर्ख धरावा म्हणून कारागीर त्यावर तोंडाने ऊब फुंकतो. हे करून दाखविताना ती जरा थांबली आणि म्हणाली की मातीच्या माणसात प्राण कसा आला ते रोज सकाळी आठवते. रंग बहुतांशी मातीचेच: गेरू, पिवळी माती, खेरीज हिंगूळ, सफेदा, काजळी, आणि परवडेल तेव्हा बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द. ही पूड अंड्याच्या बलकात खलतात. तिने अंडे फोडले, बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत कोरडा केला, त्याची त्वचा चिमटीत धरून टोचली आणि आतला पिवळा रस वाटीत सोडला. हे सर्व इतक्या हळुवारपणे की आमच्या घरची देवपूजा करणारी म्हातारी माणसे मला आठवली.

मुखाचे काम सर्वांत शेवटी. वस्त्रे, घरे, डोंगर यांना 'मुखापूर्वीचे' असेच नाव आहे, आणि जुन्या कारखान्यांत हे काम करणारे निराळे, मुख काढणारे निराळे असत. मुखाचा आरंभ गडद, शेवाळी छायेच्या एका सपाट थराने होतो. त्याला 'सान्किर' म्हणतात. त्यावर पिवळ्या मातीचे अधिकाधिक उजळ थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान जागेवर, असे चढवीत जातात, आणि अखेरीस कपाळावर, डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाच्या चार-दोन सूक्ष्म रेघा. सावली घालून गोलाई आणावयाची नाही; काळोखातून उजेड बाहेर काढावयाचा. म्हणूनच या प्रतिमांत कोणत्याही वस्तूची सावली जमिनीवर पडत नाही, आणि सोनेरी पृष्ठभूमीलाही कारागिरांच्या भाषेत 'स्वेत', म्हणजे प्रकाश, असेच म्हणतात. पुढे सतराव्या शतकात झारच्या कारखान्यातील सिमोन उशाकोव याने पाश्चात्य रीतीने छायाप्रकाशाची गोलाई मुखांस आणली, आणि तो आपल्या फलकांवर स्वतःचे नावही घालू लागला. त्याचे कौशल्य निर्विवाद आहे. तरी पहिल्या दिवशी संग्रहालयात त्याचे फलक पाहताना मी एका चित्रापुढे उभा होतो, एवढेच मला वाटले होते.

"यात तुमचे स्वतःचे काय?" असे मी मुलाकरवी विचारले. प्रश्न उद्धट नव्हता, परंतु तिला तो नवाही नव्हता. तिने दोन फलक शेजारी ठेवले. दोन्हींवर संत निकोलस, दोन्ही एकाच जुन्या नमुन्यावरून, एक तिच्या हातचा आणि एक तिच्या गुरूच्या हातचा. रेषा त्याच, रंग तेच. तरीही गुरूचा निकोलस कठोर होता आणि तिचा करुणामय. बंदिश घराण्याची असते, कोणी तीत अक्षर बदलीत नाही, आणि तरी गळा ओळखू येतो. मला दुसरे स्पष्टीकरण नको होते. ती म्हणाली, "मी मला त्यात घातले नाही. काढून टाकता आले नाही, तेवढेच राहिले." काम सुरू करण्यापूर्वी ती प्रार्थना करते, मोठ्या कामापूर्वी उपवास धरते, आणि कोणाशी भांडण झाले असेल त्या दिवशी मुखाला हात लावीत नाही. सोव्हिएत काळात, जेव्हा मठ बंद होते आणि या विद्येचे नाव काढणेही धोक्याचे होते, तेव्हा मारिया सोकोलोवा या स्त्रीने ती जतन केली. १९४६ साली लाव्रा पुन्हा उघडल्यावर तिने तेथे जीर्णोद्धाराचे काम केले, विद्यार्थ्यांना शिकविले, आणि उत्तर वयात युलियानिया या नावाने ती संन्यासिनी झाली. आमच्या यजमानीण बाई आपली गुरुपरंपरा तिच्यापर्यंत नेतात.

रशियन भाषेत चित्र काढणे आणि लिहिणे यांस एकच क्रियापद आहे, हे मुलाने मला समजावून सांगितले. आमच्याकडेही ते अपरिचित नाही. संस्कृतात चित्रास आलेख्य म्हणतात, आणि स्वप्नात पाहिलेला अनिरुद्ध उषेला ओळखता यावा म्हणून जिने राजपुत्रांची चित्रे काढली त्या सखीचे नाव चित्रलेखा आहे. इकोनेवर तर अक्षरशः लिहितात. सर्व रंग पूर्ण झाल्यावर, तेलाचा लेप देण्यापूर्वी, ज्याची प्रतिमा आहे त्याचे नाव घालतात; नाव नसेल तर तो फलक प्रतिमा होत नाही. चित्रकाराचे नाव कोठेच नाही. खिडकीजवळच्या मेजावर एक देवमाता पूर्ण होत आली होती, बाळाच्या गालाला गाल लावून बसलेली, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत नावाची जागा अजून रिकामी होती.

दुपारी आम्ही मठात गेलो. वाटेत माझ्या मनात एका मनुष्याचा विचार होता. पावेल फ्लोरेन्स्की हा गणिती आणि धर्मोपदेशक क्रांतीनंतर लाव्राच्या वस्तूंच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीत काम करीत होता. १९१८ साली त्याने असे मत मांडले की इकोना ही मंदिरातील दिव्यांच्या हलत्या उजेडात, धूपाच्या धुरात, स्तोत्रांच्या स्वरांत आणि नमस्कार करणाऱ्या माणसांच्या हालचालीत जगते. तिला संग्रहालयाच्या स्थिर, एकसारख्या उजेडात टांगले तर तिचे शव उरेल. हे मत मान्य झाले नाही. १९३७ साली त्याला गोळी घालून मारण्यात आले. त्याचे म्हणणे मला पटते. तरी त्याच संग्रहालयाच्या लोकांनी, कित्येकदा उपासमारीच्या वर्षांत, काळ्या फळ्यांमधून तो निळा रंग बाहेर आणला, तो लाकडाच्या किड्यापासून व ओलाव्यापासून राखला, आणि त्यांच्यावाचून माझ्यासारख्या परधर्मी, परदेशी माणसास तो कधी दिसला नसता, हेही तितकेच खरे. त्रेत्याकोव संग्रहालयाने व्लादिमीरच्या देवमातेच्या बाबतीत तेव्हा एक मध्यममार्ग काढला होता. बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आलेली ती प्रतिमा संग्रहालयाला जोडलेल्या संत निकोलसच्या मंदिरात, नियंत्रित हवेच्या काचपेटीत ठेवली होती. तेथे लोक गुडघे टेकत, प्रार्थना होत, आणि प्रतिमेला धक्का लागत नसे. त्रोइत्सेसाठीही असेच काही करता आले असते, असे मला आजही वाटते. पुढे २०२३ साली सरकारी निर्णयाने ती चर्चच्या ताब्यात देण्यात आली, आणि २०२४ मध्ये ती लाव्राच्या मंदिरात परतली. फलकाच्या जोडांची आणि रंगाच्या पापुद्र्यांची चिंता असलेल्या तज्ज्ञांनी या स्थलांतराला हरकत घेतली होती. ती चिंता मलाही आहे. सहाशे वर्षांची ती फळी आहे.

मी गेलो तेव्हा मात्र तिच्या जागी प्रतिकृतीच होती. मंदिर लहान आहे, आणि आत शिरताच डोळ्यांना काही दिसत नाही. सेर्गियच्या रुप्याच्या समाधीपाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्तोत्र चालू असते. एक साधू वाचतो आणि रांगेत उभी असलेली माणसे, बहुतेक डोक्याला रुमाल बांधलेल्या स्त्रिया, ध्रुपद उचलतात. अंधार हळूहळू ओळखीचा झाला, तेव्हा वेदीपुढची प्रतिमांची उंच भिंत ओळीओळीने वर चढत गेलेली दिसली. ज्योती हलत होत्या, आणि त्यांच्याबरोबर सोने हलत होते. एक मुख उजळे, दुसरे मावळे, पुन्हा पहिले उजळे. काचेपलीकडे जे चेहरे स्थिर होते ते येथे श्वास घेत होते. खालच्या ओळीत, वेदीद्वाराच्या उजवीकडे, तीन देवदूत आपल्या मेजाभोवती बसले होते.

गर्दी इतकी होती की पुढे सरकणे अशक्य होते. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श केला. वळून पाहिले तो एक वृद्ध स्त्री, हातात न पेटविलेली बारीक पिवळी मेणबत्ती. तिने ती माझ्या हाती दिली आणि दोन शब्द बोलली. "पुढे द्यायला सांगतायत, काका," मुलगा कुजबुजला, "त्रोइत्सेपुढे लावायला." मेणबत्ती तिच्या मुठीने उबदार झाली होती. मी पुढच्या माणसाच्या खांद्याला तसाच स्पर्श केला. त्याने मागे न पाहताच हात वर केला, मी ती त्याच्या हातात ठेवली, आणि हातांवरून हातांवर जात ती अंधारात दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने प्रतिमेपुढे एक ज्योत वाढली.